रविवारची आठवण: १९७५ चा तो अंक

मंडळी, रविवारी सकाळी १० ला नेहमीच्या जागी भेटतोय, विसरू नका. ह्यावेळी पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सचा जानेवारी १९७५ चा अंक निवांत बघायचाय, कव्हरवर अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर, ना कीबोर्ड ना स्क्रीन, पुढे नुसते स्विच आणि लाल दिवे, एकेक आकडा स्विच वरखाली करून आत घालायचा आणि मेमरी २५६ बाइट! किट ३९७ डॉलरला, सोल्डरिंग आपलं आपणच करायचं. आणि फोटोतला डबा आतून रिकामा बरं का, खरं मशीन पार्सलमध्येच हरवलेलं. हाच अंक बघून पॉल ॲलन आणि बिल गेट्स, पुढे मायक्रोसॉफ्ट काढणारे, अल्टेअरसाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला बसले, मला तर अजून काटा येतो अंगावर. कोणाकडे जुने कॉम्प्युटर अंक असतील तर प्लीज घेऊन या, पानं पिवळी पडली असली तरी चालतील, फक्त रद्दीत देऊ नका.