टक्केवारीतले पाणी आणि माशांचे वर्ष : केंद्रीय जलशक्ती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
जलशक्ती मंत्रालय, श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली

विषय : गंगेच्या वरच्या खोऱ्यातील किमान प्रवाहाचे नियम माशांच्या चरण्याच्या व स्थलांतराच्या काळाशी जोडण्याबाबत

महोदय,

९ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने गंगेच्या पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली आणि हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यात धरणांखाली किती पाणी सोडलेच पाहिजे, हे ठरवून दिले. नदीच्या सरासरी प्रवाहापैकी नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे या महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के, असे ते प्रमाण आहे. ही अधिसूचना निघाली हे चांगलेच झाले, कारण जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याच्या तोंडाशी नदी जवळजवळ संपायची आणि काही किलोमीटर खाली वीजघरातून पुन्हा सुरू व्हायची, अशी अवस्था त्या खोऱ्यात अनेक ठिकाणी झाली होती. मात्र हे आकडे पाण्याच्या सरासरीवरून काढलेले आहेत. त्या पाण्यातले मासे कोणत्या महिन्यात कोठे असतात, काय खातात आणि कोणत्या दिशेने निघालेले असतात, याचा विचार त्यांत पुरेसा उतरलेला नाही, आणि त्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

गढवाल आणि कुमाऊंमध्ये ज्याला असेला म्हणतात, त्या माशापासून सुरुवात करतो. थंड, वेगवान पाण्यातला हा मासा दगडांवर जगतो. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते आणि खालच्या जबड्याची कड कठीण, धारदार असते; त्या कडेने तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. पावसाळ्यात गढूळ लोंढा हे शेवाळ धुऊन नेतो, आणि पाणी निवळल्यावर, हिवाळ्यात, तळापर्यंत ऊन पोहोचू लागले की ते पुन्हा दाट वाढते. वरच्या भागातले पाणी गोठण्याच्या जवळ आले की असेला खालच्या, त्या मानाने उबदार पाण्यात उतरतो आणि वसंतात बर्फ वितळू लागले की पुन्हा वर जातो. याचा अर्थ असा की, अधिसूचनेने ज्या पाच महिन्यांना सर्वांत कमी, म्हणजे २० टक्के पाणी दिले आहे, त्याच महिन्यांत खालच्या दऱ्यांमध्ये माशांची गर्दी असते आणि त्यांचे कुरणही तेव्हाच भरात असते.

हे कुरण मोजायचे तर पाण्याखाली असलेला दगडगोट्यांचा तळ मोजावा लागेल. घनमीटरांच्या हिशेबात वीस टक्के पाणी सोडल्यावर अरुंद घळीत पात्र भरलेले दिसेल, पण तेवढेच पाणी रुंद, उथळ पात्रात मधल्या एखाद्या धारेपुरते उरेल आणि काठाकडचा सारा तळ उघडा पडेल. त्यातच संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वीजघरे पाणी सोडतात आणि रात्री उशिरा ते पुन्हा ओसरते. रोज काही तास भिजणाऱ्या आणि उरलेले तास कोरड्या पडणाऱ्या दगडावर शेवाळ धरत नाही, किड्यांच्या अळ्याही टिकत नाहीत. अशा नदीत दिवसाची सरासरी नियमात बसते आणि मासा मात्र उपाशी राहतो.

दुसरा मासा महाशीर. सोनेरी महाशीर हा उत्तराखंडाचा राज्यमासा आहे आणि जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या जबड्यांत दात नसतात, घशात असतात. लहानपणी पाण्यातले किडे व अळ्या, मोठेपणी लहान मासे, शिंपल्या-गोगलगायी आणि काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळे, असे त्याचे खाणे आहे. (ऋषिकेशच्या घाटांवर यात्रेकरू त्याला कणकेच्या गोळ्या घालतात, पुण्य मिळत असेल, पण त्याचे पोट नदीच भरते.) उन्हाळ्यात बर्फाचे पाणी वाढू लागले की मोठे महाशीर गंगेतून वर सरकू लागतात आणि पावसाळ्यात लहान उपनद्यांमध्ये शिरून उथळ, वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतात. पाऊस ओसरला की मोठे मासे गंगेत परततात, पिल्ले मात्र काही काळ उपनदीतच वाढतात.

देवप्रयाग, जेथे अलकनंदा व भागीरथी मिळून गंगा होते, आणि ऋषिकेश यांच्या दरम्यान व्यासघाटाशी गंगेला मिळणारी नयार ही अशा उपनद्यांतली सर्वांत महत्त्वाची. नयार हिमनदीतून येत नाही. झरे आणि पाऊस यांवर ती वाहते, म्हणून तिचे पाणी गंगेपेक्षा उबदार असते. वर भागीरथीवरच्या टिहरीच्या २६०.५ मीटर उंचीच्या धरणाला माशांसाठी शिडी बांधण्याची चर्चा करण्यात अर्थ नाही, आणि ऋषिकेशच्या खाली पशुलोकचा बंधारा आहे. या दोहोंच्या मध्ये देवप्रयागपासून ऋषिकेशपर्यंतची गंगा अद्याप धरणाविना आहे आणि नयार तिला जोडलेली आहे. गंगेतल्या महाशीराच्या उरलेल्या वाटेचा हाच मुख्य तुकडा आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१२ च्या अहवालात अलकनंदा-भागीरथी खोऱ्यातील ज्या २४ प्रस्तावित जलविद्युत प्रकल्पांबाबत फेरविचार सुचवला होता, त्यांत देवप्रयागच्या परिसरातले कोटलीभेलचे प्रकल्पही होते. त्या शिफारशीवर आता कायमचा निर्णय व्हावा, ती दर काही वर्षांनी नव्या फायलीत उघडली जाऊ नये.

२०१८ च्या अधिसूचनेत एक सवलत आहे, तिच्याकडेही आपले लक्ष वेधतो. प्रवाहात फारसा फरक पडत नाही असे मानून अगदी लहान जलविद्युत प्रकल्प त्यातून वगळले आहेत. परंतु असे प्रकल्प लहान उपनद्यांवरच होतात आणि मासे अंडी घालतात तेही तेथेच. आठ-दहा मीटर रुंदीच्या ओढ्यावरचा कंबरभर उंचीचा बंधारा पाण्याच्या ताळेबंदात नगण्य ठरतो, पण तळाला चिकटून चालणाऱ्या असेल्याची वाट तो पुरती अडवू शकतो.

माशांच्या बिजाचे कारखाने काढून नदीत पिल्ले सोडू, असे उत्तर अशा वेळी मिळते. आम्हा महाराष्ट्रातील लोकांना हा उपाय परका नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरने कित्येक दशके महाशीराची पैदास केली आहे आणि ते काम मोलाचे आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने राखलेले महाशीर आजही कोणी मारत नाही. पण कोंड, म्हणजे नदीतला डोह, राखला की त्यातला मासा राखला जातो. ज्याला उन्हाळ्यात वर आणि शरदात खाली जायचे आहे, त्याची वाट त्याने राखली जात नाही. बीजकेंद्रातली पिल्ले वाट नसलेल्या नदीत सोडली, तर ती दरवर्षी सोडतच राहावी लागतील.

म्हणून माझी विनंती अशी की, भीमतालची शीतजल मत्स्यसंशोधन संस्था आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्याकडून प्रत्येक टप्प्यासाठी माशांचे वर्षभराचे वेळापत्रक करून घ्यावे आणि अधिसूचनेतील प्रमाणाला त्याची जोड द्यावी. टक्केवारीबरोबर पाण्याची किमान खोली आणि भिजलेल्या पात्राची किमान रुंदी ठरवावी. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या प्रवासाच्या महिन्यांत पाणी एका तासात किती चढवावे व किती उतरवावे, याची मर्यादा घालावी. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले, हे आपण जाणताच. भोंगा वाजवून माणसांना सावध करता येते. माशांसाठी पाणी हळूहळू चढवणे आणि हळूहळू उतरवणे एवढाच उपाय आहे, आणि तो माणसांच्याही सोयीचाच आहे. बियास, सतलज आणि यमुनेच्या वरच्या खोऱ्यांना २०१८ ची अधिसूचना लागू नाही. तेथेही असेलाच चरतो, तेव्हा तोच नियम तेथेही असावा.

शेवटची विनंती खर्चाची नाही. केंद्रीय जल आयोगाकडे प्रकल्पांच्या प्रवाहाची माहिती येतच असते आणि दर तीन महिन्यांनी तिचा अहवाल होतो. त्या अहवालातल्या सरासरीऐवजी प्रत्येक धरणाखालचे तासागणिक आकडे जनतेला रोज पाहता यावेत, आणि ही सोय येत्या ऑक्टोबरपूर्वी, महाशीर नयारमधून परतायच्या आधी, सुरू व्हावी.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नदीप्रेमी नागरिक