माळाचे तुकडे पाडताना

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागातील गायराने सौर प्रकल्पांसाठी देण्याविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्यांत बहुधा हेक्टर तेवढे मोजलेले असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल, तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला विहिरीवर जाणे म्हणजे काय, हे खानापूर-आटपाडीच्या माणसाला सांगावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, माळ किती गेला याच्या जोडीला, जो उरला तो सलग उरला की तुकड्यांत, याचीही नोंद व्हायला हवी.

शंभर हेक्टरांचा सलग अधिवास आणि दहा-दहा हेक्टरांचे दहा तुकडे कागदावर सारखेच दिसतात. प्रत्यक्षात तुकडे पडले की कडा वाढतात आणि कडेने ऊन, वारा, तण, गावकुत्री, माणसांचा वावर आत शिरतो. तुकडा फार लहान असेल तर त्याला आतला भाग असा उरतच नाही. ब्राझीलमधील मानाउसजवळ १९७९ पासून एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे जंगलाचे तुकडे मुद्दाम राखून त्यांचा अभ्यास चालू आहे, आणि तुकडा जितका लहान व एकाकी तितक्या त्यातील जाती लवकर नाहीशा होतात, असे तिथे दिसून आले आहे. जगभरातील अशा दीर्घकालीन प्रयोगांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अधिवासाच्या विखंडनाने जैवविविधता १३ ते ७५ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. यातली खरी अडचण अशी की ही घट त्याच वर्षी दिसत नाही. काही जाती आणखी कित्येक वर्षे दिसत राहतात, त्यांची वीण मात्र आटत जाते; आणि ‘प्रकल्प झाला तरी पक्षी आहेतच की’ असे म्हणायला आपण मोकळे होतो.

आपल्याकडे पश्चिमेच्या डोंगरात निदान ‘भ्रमणमार्ग’, म्हणजे वन्यप्राण्यांची एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याची वाट, हा शब्द सरकारी कागदांत आला आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्याच्या दक्षिणेला राधानगरीमार्गे गोवा-कर्नाटकापर्यंत जंगल जोडलेले राहावे, यासाठी संवर्धन राखीव क्षेत्रेही जाहीर झाली. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांतील माळाला मात्र ही भाषा लागू होते, असे कोणाला वाटत नाही. सरकारी नकाशात तो पडीक, सात-बारावर गायरान किंवा पोटखराबा. प्रत्यक्षात लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी यांचे हेच घर आहे, आणि यांतील लांडगा तर देशभरात मुख्यतः अभयारण्यांच्या बाहेरच जगतो. त्याच्या एका टोळीला कित्येक चौरस किलोमीटरचा टापू लागतो. तो टापू कुंपणांनी तुटला की टोळी वस्तीजवळ ढकलली जाते, मेंढरांवर हल्ले वाढतात, आणि गावकुत्र्यांशी संबंध आल्याने रोग व संकर दोन्हींचा धोका उभा राहतो. पुणे जिल्ह्यात असा संकर जनुकीय तपासणीत सिद्धही झाला आहे. धनगरांच्या चराईच्या वाटा याच कुंपणांनी अडतात, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

जमीन थोडीच व्यापली म्हणजे परिणामही थोडा, हा समज किती फसवा आहे, याचा पुरावा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळालेला आहे. पवनचक्कीचा पाया तो केवढा! तरीही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पवनचक्क्या असलेल्या भागापेक्षा नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. शिकारी कमी झाल्याने पवनचक्क्यांच्या भागात सरड्यांची संख्या वाढली होती, त्यांच्यातील ताणाचे संप्रेरक कमी झाले होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. म्हणजे पठारावरचे गवत जागच्या जागी होते, पण कोण कोणाला खातो, ही सगळी घडी बदलली होती. ज्या सरड्यावर हा अभ्यास झाला, त्याला स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव २०१६ मध्येच मिळाले होते. अशा पठारावर आणखी काय काय आहे, हे पाहण्याआधीच त्याला पडीक म्हणण्याची घाई आपण करतो.

एकाकी तुकडा कसा असतो, हे सागरेश्वरला पाहता येते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ओसाड डोंगरावर उभे राहिलेले हे सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य सांगली जिल्ह्याला अभिमान वाटावा असेच आहे. पण त्याच्या भोवती ऊस आणि वस्ती आहे, आणि तिथल्या सांबर-चितळांना दुसऱ्या कुठल्या जंगलाशी जोडणारी वाट नाही. अशा बंदिस्त संख्येत पुढे काय होऊ शकते, हे अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पँथरवरून कळते. तिथे उरलेल्या वीस-तीस जनावरांत अंतःप्रजननाने, म्हणजे जवळच्या नात्यातच वीण होत राहिल्याने, हृदयाचे दोष आणि वाकड्या शेपट्या दिसू लागल्या, तेव्हा १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या. वाट राखणे याहून नक्कीच स्वस्त पडते.

म्हणून जिल्हाधिकारी, वन विभाग आणि महावितरण यांना आपल्यामार्फत विनंती आहे की, गायरानांचे वाटप गावागावाने स्वतंत्र न पाहता तालुक्याची सर्व गायराने, वनजमिनी आणि ओढे एका नकाशावर घ्यावेत, आणि दोन माळांना जोडणारी जमीन प्रकल्पांतून वगळावी. सौर पट्ट्यांसाठी आधीच तुटलेल्या, रस्त्यालगतच्या किंवा उपकेंद्राजवळच्या जागा प्रथम निवडाव्यात, आणि ओढ्याचे दोन्ही काठ कुंपणाबाहेर राहावेत. टेंभू-म्हैसाळचे पाणी या भागाला जीवदान देणारे आहे. तरीही अस्तर केलेला उघडा कालवा लहान प्राण्यांना ओलांडता येत नाही आणि आत पडलेल्याला वर चढता येत नाही. जिथे शक्य आहे तिथे बंदिस्त नलिका घालावी, आणि उघड्या कालव्यावर ठरावीक अंतराने मातीचे पूल व वर चढून येण्यासाठी उतार ठेवावेत. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी गवताळ माळावर खड्डे काढून गिरिपुष्पाची झाडे लावण्याची पद्धतही थांबवावी, कारण चंडोल आणि धाविक मोकळ्या जमिनीवर अंडी घालतात आणि झाडोरा झालेला माळ त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. हा नकाशा पुढच्या वाटपाआधी ग्रामसभांपुढे ठेवला गेला, तर कोणता माळ द्यायचा आणि कोणता राखायचा, हे मेंढपाळांना विचारूनही ठरवता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
विटा, जि. सांगली