व्हेंटिलेटरसोबत कॅप्नोग्राफही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

अतिदक्षता विभागाची क्षमता सांगताना आपल्याकडे व्हेंटिलेटर मोजले जातात. कोविडकाळात पीएम केअर्स निधीतून देशासाठी ५०,००० व्हेंटिलेटर जाहीर झाले, तेव्हापासून ही सवय अधिकच पक्की झाली आहे. या यंत्रांवरील रुग्णांकडे लक्ष कशाने आणि कोणी ठेवायचे, याची नोंद मात्र खरेदीच्या कागदांत क्वचितच सापडते. भूलतज्ज्ञ म्हणून त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

कूस बदलताना किंवा सीटी स्कॅनला नेताना रुग्णाची ट्यूब श्वासनलिकेतून निसटू शकते. अशा वेळी फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा शिल्लक असेल, तर पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा काही काळ उत्तमच दिसतो आणि तो घसरू लागेपर्यंत मोलाची मिनिटे गेलेली असतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवरील लाट मात्र काही श्वासांतच सपाट होते. ब्रिटनमधील श्वासमार्गाच्या गुंतागुंतींचा राष्ट्रीय आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागांतील अशा मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफचा अभाव हातभार लावणारा ठरला असावा, असे त्यात नोंदवले होते. आपल्याकडे शस्त्रक्रियागृहात हे उपकरण असते. तोच रुग्ण ट्यूबसह वॉर्डात आला की ते मागे राहते.

दुसरी गोष्ट जवळजवळ फुकटची आहे. व्हेंटिलेटरने एका श्वासात द्यायच्या हवेचे आकारमान रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरते. १६० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला, तो ८० किलोचा असला तरी, किलोमागे ६ मिलिलिटरच्या हिशेबाने साधारण ३४० मिलिलिटर पुरतात. अमेरिकेतील २००० सालच्या अभ्यासात, फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांना किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्युप्रमाण ३९.८ टक्क्यांऐवजी ३१ टक्के राहिले. त्यासाठी प्रत्येक खाटेपाशी मोजपट्टी हवी, आणि फुप्फुसांतील प्लॅटो दाब (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावर मोजलेला दाब) ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत आहे ना, हे दर पाळीत तपासून तक्त्यावर लिहिणारे कोणी हवे.

ते ‘कोणी’ म्हणजे परिचारिका. एका सिस्टरवर चार व्हेंटिलेटर सोपवले, की सतत वाजणारा अलार्म आधी बंद केला जातो आणि कारण नंतर शोधले जाते. यात दोष तिचा नाही.

म्हणून विनंती अशी की, यापुढे व्हेंटिलेटरच्या प्रत्येक निविदेत तितकेच कॅप्नोग्राफ, त्यांच्या नळ्या-सेन्सरचा नियमित पुरवठा आणि देखभालीचा करार अनिवार्य करावा. तसेच व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित परिचारिका मिळेल इतकी पदे मंजूर होईपर्यंत नव्या यंत्रांची खरेदी थांबवावी.

आपला नम्र,
सरकारी रुग्णालयातील एक भूलतज्ज्ञ