‘तीन दिवसांपूर्वी’ म्हणजे ‘बिफोर थ्री डेज’ नव्हे

महोदय,

रजेचा अर्ज, विमा कंपनीला पाठवायचे पत्र, नोकरीसाठीचा ई-मेल, पोलीस ठाण्यात द्यायची तक्रार. मराठी माणूस यातले काहीही इंग्रजीत लिहायला बसला की एक वाक्य हमखास भेटते : ‘आय सबमिटेड द फॉर्म बिफोर थ्री डेज’. स्पेलिंग बरोबर, क्रियापद बरोबर, तरी वाक्य चूक. इंग्रजीत उत्तम गुण मिळवणारी मुलेही ते लिहितात. ही चूक मराठीच्या वळणातून आलेली आहे आणि ती मराठीच्या आधारेच सुटते, म्हणून हे पत्र.

आपले ‘पूर्वी’ हे शब्दयोगी अव्यय दोन निरनिराळी कामे करते. ‘लग्नापूर्वी’, ‘परीक्षेपूर्वी’, ‘पाच वाजण्यापूर्वी’ इथे ते घटनेला किंवा ठरावीक वेळेला जोडले जाते. ‘तीन दिवसांपूर्वी’, ‘दहा वर्षांपूर्वी’ इथे ते मोजमापाला जोडले जाते. रूप एकच असल्याने कामे दोन आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजीत या कामांची वाटणी झालेली आहे. घटना किंवा वेळ सांगितली असेल तर ‘बिफोर’, तोही त्या नामाच्या अलीकडे : बिफोर द वेडिंग, बिफोर फाइव्ह ओ’क्लॉक. आत्ताच्या क्षणापासून मागे मोजत गेलो असू तर ‘अगो’, तोही मोजमापाच्या पलीकडे : थ्री डेज अगो, टेन इयर्स अगो.

‘अगो’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘निघून जाणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकालवाचक रूप आहे. म्हणजे ‘थ्री इयर्स अगो’ हे मुळात ‘तीन वर्षे सरली’ असे म्हणणे आहे. शिवाय तो आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा मागाहून येतो. इंग्रजीतला मराठीच्या इतका जवळचा शब्द आपल्या मुलांना अवघड जावा, याचे वाईट वाटते.

खरा गोंधळ तिसऱ्या प्रकारात होतो, आणि नुकसानही तिथेच होते. समजा, 10 जूनला गाडीचा अपघात झाला. त्याच्या तीन दिवस आधी, 7 जूनला, गाडीचे ब्रेक दुरुस्त केले होते. विम्याच्या दाव्याचे पत्र 25 जूनला लिहिले आणि त्यात ‘द ब्रेक्स वेअर रिपेअर्ड थ्री डेज अगो’ असे म्हटले, तर वाचणारा 25 मधून तीन वजा करणार. दुरुस्ती 22 जूनची, म्हणजे अपघातानंतरची ठरते. इथे मोजणी अपघातापासून करायची आहे, म्हणून ‘थ्री डेज बिफोर द ॲक्सिडेंट’ हवे. अपघाताचा उल्लेख आधीच्या वाक्यात येऊन गेला असेल तर ‘थ्री डेज अर्लिअर’ पुरते. नीट पाहा, मोजमाप असूनही इथे ‘बिफोर’ आला. पण तो मोजमापाच्या पुढे आणि घटनेच्या मागे, दोघांच्या मधोमध उभा आहे.

शाळेत अप्रत्यक्ष कथन शिकवताना ‘अगो’चा ‘बिफोर’ करा, ‘यस्टर्डे’चा ‘द प्रीव्हिअस डे’ करा, असा तक्ता पाठ करून घेतला जातो. तक्ता बरोबर आहे. पण बोलणाऱ्याचा ‘आज’ आणि सांगणाऱ्याचा ‘आज’ वेगळा असतो म्हणून हा बदल होतो, हे सांगितले नाही तर मुले एवढेच लक्षात ठेवतात की दोन्ही शब्द सारखे. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावावी : मोजायला सुरुवात कुठून? आत्तापासून असेल तर अगो. दुसऱ्या घटनेपासून असेल तर मोजमाप, मग बिफोर, मग ती घटना. मोजायचेच नसेल तर नुसते बिफोर आणि घटना.

‘अगो’सोबत काळही सांभाळावा लागतो. ‘मी ही परीक्षा दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालो आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्यातल्या ‘आहे’पायी आपण ‘आय हॅव पास्ड धिस एक्झाम टू इयर्स अगो’ असे लिहितो. ‘अगो’ आला की साधा भूतकाळच चालतो. ‘हॅव’ काढून टाकायचा.

‘पासून’ची गत अशीच आहे. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘चार दिवसांपासून ताप आहे’ यांत आपल्याला फरक दिसत नाही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’, लांबी सांगितली तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर फोर डेज’. ‘सिन्स फोर डेज’ चूक. ओळखायची सोपी रीत अशी : कॅलेंडरवर किंवा घड्याळावर त्या शब्दासाठी एका जागी बोट ठेवता येते का? सोमवारवर येते, ‘चार दिवस’वर येत नाही. क्रियापदही बदलावे लागते. ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतो’ याचे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ होते. आणि घाईत ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिले तर नोकरी सोडली असा अर्थ निघतो. बायोडेटात हा फरक महागात पडू शकतो. उद्यापासून, पुढच्या महिन्यापासून असे पुढचे काही सांगायचे असेल तर मात्र ‘फ्रॉम’.

मुदतीच्या बाबतीत आपली कार्यालयेही ढिलाई करतात. ‘31 मार्चपूर्वी अर्ज करावा’ याचे ‘बिफोर 31 मार्च’ केले की काटेकोर वाचणाऱ्याच्या लेखी 30 मार्च ही शेवटची तारीख होते. 31 तारीख धरायची असेल तर ‘बाय 31 मार्च’, किंवा शंकेला जागाच नको म्हणून ‘ऑन ऑर बिफोर 31 मार्च’. ‘टिल’ चालू राहणाऱ्या गोष्टीसाठी : खिडकी 31 मार्चपर्यंत उघडी ‘टिल’, अर्ज 31 मार्चपर्यंत द्यायचा ‘बाय’. आपल्या ‘पर्यंत’मध्ये दोन्ही सामावतात, म्हणून घोटाळा. ‘तीन दिवसांच्या आत’ यासाठी ‘विदिन थ्री डेज’ आहे, तिथेही ‘बिफोर थ्री डेज’ लिहिलेले दिसते. एकच चुकीचा तुकडा एका कागदावर मागचा काळ दाखवतो आणि दुसऱ्यावर पुढचा. वाचणाऱ्याने काय समजावे?

‘परवा’चेही तसेच. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद दिशा सांगते. इंग्रजीत ‘द डे बिफोर यस्टर्डे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असे पूर्ण लिहावे लागते.

‘प्रायर’नंतर ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. पण साध्या पत्रात ‘बिफोर’ असताना ‘प्रायर टू’ची गरज फारशी पडत नाही.

दावा, तक्रार, प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र अशा कागदांत ‘अगो’ टाळावा, ही सर्वांना विनंती. हे कागद लिहिल्याच्या दिवशी वाचले जात नाहीत. तारीखच लिहावी. रजेच्या अर्जात ‘फ्रॉम 3 जून टू 7 जून’ लिहून पुढे ‘बोथ डेज इन्क्लूसिव्ह’ जोडले की पाच दिवस की तीन हा वाद राहत नाही.

शिक्षकांसाठी एक सुचवतो. फळ्यावर आडवी रेघ काढा, उजव्या टोकाला ‘आज’ लिहा, मध्ये एक फुली मारून तिला ‘अपघात’ म्हणा. तिच्या डावीकडे तीन खुणांवर ‘दुरुस्ती’ मांडा. आधी आजपासून मोजून एक वाक्य लिहायला लावा, मग फुलीपासून मोजून दुसरे. नंतर ‘आज’ पुसून महिनाभर पुढे सरकवा आणि कोणते वाक्य बदलावे लागले ते मुलांनाच शोधू द्या.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, कराड