एका स्क्रू पान्यावर भागत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरात ठेवायच्या हत्यारांवर एक पान आलं होतं. पान छान होतं, पण त्यात लिहिलंय की एक चांगला ॲडजस्टेबल पाना, म्हणजे आपला स्क्रू पाना, घेतला की सेटची गरजच नाही. माझं ट्रॅक्टर आणि टू-व्हीलरचं गॅरेज आहे, गिऱ्हाईक नट गोल करून घेऊन येतं तेव्हा पहिलं विचारतो कशानं खोललं, आणि बहुतेक वेळा उत्तर तेच असतं, स्क्रू पाना.

तो पाना वाईट नाही हो, पण तो सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. त्याचा एक जबडा सरकता असतो, थोडी ढिलाई राहतेच, आणि जोर दिला की तो उघडतो अन् नटाचे कोपरे खातो. लावायचाच असेल तर नटावर बसवून मग स्क्रू पूर्ण आवळा, आणि सरकता जबडा ज्या अंगाला आहे त्याच अंगाला फिरवा, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर येतो. उलटा लावला की सटकलाच, आणि बोटं थेट लोखंडावर.

पहिली पसंती रिंग पाना किंवा गोटी पाना (सॉकेट), कारण ते नटाला चारही बाजूंनी वेढतात. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, त्यामुळं रिंग जिथं शिरत नाही तिथं तो घ्यायचा. त्याचं तोंड साधारण १५ अंश तिरकं असतं ते उगीच नाही, अडचणीच्या जागी थोडं फिरवायचं, पाना पालथा करून लावायचा, परत फिरवायचं, असं करत नट निघतो. नवीन पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मापाचं पण बघा. एम ६ च्या, म्हणजे ६ मिमी जाडीच्या, बोल्टाला १० चा पाना, एम ८ ला १३ चा. जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरला इंची बोल्ट बरेच असतात, नटाचं माप अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना बसतो म्हणून लोक लावतात, साध्या घट्ट नटाला चालून जातं, पण गंजलेल्याला लावला की कोपरे गेलेच. गंजलेल्या नटाला आधी गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर सोडा, सकाळी थोडा आवळून मग ढिला करा.

आता पाइपचं. नट आवळताना दांड्याला पाइप घालायचा किंवा पान्यावर उभं राहायचं, हे रस्त्यारस्त्याला दिसतं. साधा हिशोब करा, ७० किलोचा माणूस फूटभर पान्याच्या टोकाला उभा राहिला की २०० न्यूटन मीटरच्या आसपास जोर पडतो, आणि लहान कारच्या व्हील नटाला लागतो साधारण १०० च्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मग स्टड, म्हणजे चाकाचे बोल्ट, ताणतात, आटे जातात, आणि पंक्चर झाल्यावर हायवेला रात्री तोच नट बायकोला काय, पैलवानाला पण निघत नाही. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, असेल तर टक् आवाज झाला की थांबा, आणि त्यानं नट खोलू नका, ते मोजायचं हत्यार आहे. जोर लावताना शक्यतो पाना स्वतःकडं ओढा, ढकलू नका. ढकलावंच लागलं तर हाताचा तळवा उघडा ठेवा.

आणखी एक, बॅटरीचं. टर्मिनल खोलताना आधी निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात, हातातली अंगठी मध्ये आली तर भाजून निघते. दांड्याला प्लास्टिक आहे म्हणून पाना शॉकप्रूफ होत नाही हे पण लक्षात ठेवा.

सेट फार महाग नाही. ८-९ पासून १८-१९ पर्यंतचे फिक्स आणि तेवढेच रिंग, घर आणि गाडीचं बरंचसं काम भागतं. तराजूवर किलोनं मिळतात ते घेऊ नका, त्यांचं तोंड पसरतं. आपल्या नाशिकला सातपूरमध्ये टपारियासारखी कंपनी आहे, तसल्या पान्यावर नाव आणि माप नीट कोरलेलं असतं.

आणि त्या पानावरच्या फोटोत एक जण दातेरी पाइप पान्यानं चकचकीत नळाचा नट फिरवतोय, तेवढा फोटो तरी बदला.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, विटा, जि. सांगली