जनुकांचा क्रम वाचणे पुरेसे नाही

महोदय,

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात कमतरतेवरील आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. जनुकीय क्रम, म्हणजे जनुकातील रासायनिक अक्षरांची मांडणी, तपासला की निदान झाले, हा त्यातील सूर मात्र पटला नाही. क्रमात बदल आढळला तरी ते जनुक पेशीत प्रत्यक्ष किती कार्यरत आहे, हे कळण्यासाठी आरएनएची (जनुकावरून पेशीत तयार होणाऱ्या प्रतीची) मोजणी, म्हणजेच जनुक-अभिव्यक्तीचे विश्लेषण, उपयोगी पडते. वार्धक्यात छातीतील थायमस ग्रंथी आक्रसून नव्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) घटतात, तेव्हा तर प्रतिकारशक्ती उणावण्यास वारशातील दोष असावाच लागत नाही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी (रक्त व प्रतिकारशक्तीविषयक) संस्थेत जन्मजात कमतरतेवर काम चालते. त्याला ज्येष्ठांच्या नमुन्यांच्या अशा अभ्यासाची जोड मिळावी. आरएनए लवकर विघटित होत असल्याने नमुना आपल्या वाहतूककोंडीत अडकू नये, एवढी दक्षता मात्र हवी.

– एक वाचक, दादर, मुंबई