रविवारच्या ऑटोक्रॉससाठी टायरचा नियम : स्क्रुटिनीला येण्यापूर्वी वाचा

सदस्यहो,
येत्या रविवारी सकाळी ६.३० ते ८ आपल्या नेहमीच्या मैदानावर ऑटोक्रॉसची (शंकूंमधून एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा) स्क्रुटिनी, म्हणजे स्पर्धेआधीची गाड्यांची तपासणी, आहे. टायर बघितल्याशिवाय कुणालाही तपासणी पास झाल्याचं स्टिकर मिळणार नाही.

नियम एका ओळीचा आहे: रस्त्यावर वापरायचे टायर, ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो याचा आकडा; कमी आकडा म्हणजे सहसा मऊ, जास्त चिकट रबर) २०० किंवा त्याहून जास्त. गेल्या वेळी त्यावर तासभर वाद झाला, म्हणून अर्थ स्पष्ट करतो.

• साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भागावर) उमटवलेला आकडाच धरला जाईल. तो टायर कंपनी स्वतःच्या चाचणीवरून ठरवते, त्यामुळे २०० लिहिलेले दोन टायर सारखीच पकड देतील असं नाही. पण मैदानावर आपल्याकडे दुसरं मोजमाप नाही. ‘त्याचा टायर फार चिकट वाटतो’ ही तक्रार ऐकली जाणार नाही.
• आकडाच नसेल तर शुक्रवारपर्यंत साइडवॉलचा फोटो ग्रुपवर टाका. रविवारी सकाळी यावर चर्चा नको.
• रबर तासलेले किंवा रसायन लावून मऊ केलेले टायर बाद.
• टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल.

टायरवरची उत्पादनाची तारीख चार आकडी असते: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. बरेचदा ती गाडीच्या आतल्या बाजूला जाते, मग जॅक लावून शोधत बसावं लागतं. घरीच बघून ठेवा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, खाचा कितीही खोल असल्या तरी, मी पास करणार नाही. जुनं रबर कडक होतं आणि वळणावर गाडी अचानक सुटते.

नवीन सदस्यांनी टायर विकत घेण्याआधी मला जरूर विचारा.